देवमासा आणि सरडा, रात्री उशिरा

सोमवार, रात्र

संध्याकाळी भाचीने चित्र आणून दाखवलं. एकीकडे देवमासा, दुसरीकडे प्रचंड घोरपड. "मावशी, यातलं मोठं कोण?" निळा देवमासा, हे उत्तर सोपंच होतं. तो 30 मीटरच्या आसपास वाढतो आणि आजची सर्वांत मोठी घोरपड, कोमोडो ड्रॅगन, 3 मीटरवर थांबते. ती समाधानाने झोपायला गेली. मी मात्र अजून जागी आहे, कारण या दोघांची एकदा खरोखरच गल्लत झाली होती, आणि तीही दोन्ही बाजूंनी.

अठराव्या शतकात नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टजवळच्या चुनखडीच्या खाणीत एक अजस्र जबडा सापडला. काहींना तो मगरीचा वाटला. डच शरीररचनाशास्त्रज्ञ पेत्रुस काम्पर यांनी मात्र तो दात असलेल्या देवमाशाचा ठरवला. पुढे त्यांच्याच मुलाने, आद्रियानने, घोरपडीच्या हाडांशी ताडून पाहिलं आणि हा सरडाच असल्याचं सांगितलं. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्युव्हिए यांनी त्याला दुजोरा दिला. वडिलांचं मत खोडताना त्या मुलाला काय वाटलं असेल, हा विचार मघापासून मनातून जात नाही. तो प्राणी म्हणजे मोसासॉरस, घोरपडी आणि सापांच्या गोतावळ्यातला समुद्री सरडा. 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी डायनासोरांबरोबर तोही संपला.

अमेरिकेत नेमकं उलट घडलं. तिथे सापडलेले मोठमोठे मणके पाहून अमेरिकन निसर्गशास्त्रज्ञ रिचर्ड हार्लन यांना ते एखाद्या समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याचे वाटले. 1834 मध्ये त्यांनी नाव दिलं बॅसिलोसॉरस, म्हणजे सरड्यांचा राजा. 1839 मध्ये ती हाडं लंडनला शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांच्यासमोर आली आणि त्यांनी दात पाहिले. दाढांना दोन-दोन मुळं होती. अशा दाढा सस्तन प्राण्यांना असतात, सरड्याला नव्हे. राजा देवमासा निघाला! ओवेन यांनी दुसरं नाव सुचवलं, पण आधी दिलेलं नाव टिकतं हा शास्त्राचा नियम, म्हणून तो आजही सरडाच म्हणवतो. आणि आपण तरी काय करतो? हवेत श्वास घेणाऱ्या, पिल्लाला दूध पाजणाऱ्या प्राण्याला मराठीत मासाच म्हणतो. मला हे नाव बदललेलं आवडणार नाही. समुद्रात असं काही पहिल्यांदा पाहिलेल्या माणसाचं थक्क होणं त्या 'देव'मध्ये अजून शाबूत आहे.

मोसासॉरस आणि देवमासा, दोघांचेही पूर्वज जमिनीवरचे, चार पायांचे. दोघेही पाण्यात गेले, पायांची वल्ही झाली, शेपटीला पंख फुटला. तरी पोहणं वेगळं राहिलं. पाल भिंतीवरून पळताना पाठ डावी-उजवीकडे वळवते, कुत्रा धावताना ती वर-खाली वाकवतो. तीच सवय समुद्रात गेली. म्हणून मोसासॉरसच्या शेपटीचा पंख उभा होता आणि तो ती आडवी हलवायचा. देवमाशाचा पंख आडवा, शेपूट वर-खाली हलणारी. कोट्यवधी वर्षं पाण्यात काढूनही धावण्याची लकब अंगातून गेली नाही. एवढी सुंदर गोष्ट मला शाळेत कुणी सांगितली असती तर!

बॅसिलोसॉरसचे मागचे पायसुद्धा मिळाले आहेत, इजिप्तमध्ये वादी अल-हितान या वाळवंटात. 15 मीटरहून लांब शरीराला इवलेसे पाय, पण गुडघा आहे, बोटं आहेत. एवढ्या धुडाला ते पेलणं शक्यच नव्हतं. फोटो कितीतरी वेळ बघत बसले.

आत्ता पुन्हा भाचीचं चित्र हातात घेतलं. तिने देवमाशाची शेपूट उभी काढली आहे, माशासारखी. सकाळी खोडरबर घेऊन दोघी बसणार आहोत. आधी पाल कशी पळते ते दाखवीन, मग कुत्रा. शेपूट तिची तिलाच आडवी करू देत.