साबण, २ रु. ५० पै.

वेऱ्याची, म्हणजे घरपट्टीची, जुनी पावती हवी होती म्हणून माळ्यावरची पेटी खाली काढली, तर वरतीच आजोबांच्या जमाखर्चाच्या वह्या. लाल कापडी पुठ्ठ्याच्या, दर दिवाळीला बडोद्याच्या मांडवीतून आणलेल्या. पावतीचं काम तिथंच संपलं. भर दुपारी दुसऱ्याचा हिशेब वाचण्यासारखं सुख नाही, त्यातून तो पन्नास वर्षांपूर्वीचा असेल तर विचारूच नका.

आजोबा न्यायमंदिरात कारकून होते. तेव्हा कोर्ट तिथंच होतं. रात्री जेवणं झाली की ते वही घेऊन झोपाळ्यावर बसायचे आणि आजी स्वयंपाकघराच्या दारातून दिवसाचा खर्च सांगायची. लिंबं, काड्यापेटी, रॉकेल, दूधवाल्याची बाकी. ती सांगणार, ते लिहिणार. पाच पैसे जुळले नाहीत तर दोघंही जागी.

मी उघडली ती १९७४ ची वही. अहमदाबादच्या एका इंजिनियरिंग कॉलेजात मेसचं बिल वाढलं म्हणून पोरं पेटली, ते लोण अख्ख्या गुजरातभर गेलं आणि ९ फेब्रुवारीला चिमणभाई पटेलांना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं, ते हे नवनिर्माण आंदोलनाचं वर्ष. वहीत त्यातलं काही नाही. एवढंच की ‘शेंगतेल’ या शब्दाखाली आजोबांनी दोन रेघा ओढल्यात. तेलाचा भाव ही आपल्याकडे नुसती स्वयंपाकघरातली गोष्ट कधीच नव्हती. आजही १५ किलोच्या डब्याला किती पडले याची बातमी होते.

असलं तेल तळून उरलं तर टाकणार कोण? दिवाळीच्या चकल्या-शेवेचं काळपट तेल आजी वर्षभर साठवायची, जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायची आणि थंडी सरता सरता एक दिवस मागच्या अंगणात साबण करायची. त्या दिवशी आम्हा पोरांना अंगणात बंदी. आम्ही अर्थातच खिडकीत. कॉस्टिक सोड्याच्या पांढऱ्या पापड्या कागदात बांधून यायच्या. आधी पाणी, मग त्यात सोडा. उलट केलं तर उसळून अंगावर येतो, हे ती दर वर्षी मोठ्यानं बजावायची, कुणाला ते कळत नाही, कारण करणारी तीच एकटी. चूल नाही, काही नाही, तरी पाणी आपोआप कढत व्हायचं. खिडकीपर्यंत घसा धरणारी वाफ यायची. भांडं चिनी मातीचं. ॲल्युमिनियमचं पातेलं सोडा खातो, त्यामुळे ती सगळी पातेली त्या दिवशी घरात लपलेली. सोड्याचं पाणी निवलं की तेलात बारीक धार आणि लाकडी दांड्यानं ढवळणं सुरू. हात बदलायची, दांडा थांबायचा नाही. बराच वेळ काहीच होत नाही, आणि मग एकदम ते पिठल्यासारखं दाटतं, दांडा उचलला की वर रेघ उमटून राहते. मग त्यात बेसन, आणि सगळं फडकं घातलेल्या खोक्यात. दुसऱ्या दिवशी दोऱ्यानं वड्या कापायच्या आणि माळ्यावर महिनाभर वाळवायच्या.

एक किलो शेंगतेलाला साधारण १३५ ग्रॅम सोडा लागतो, खोबरेलाला १८० च्या आसपास. हे मी आता सांगतोय. आजीचं माप निराळं होतं: महिन्यानं वडीला जिभेचं टोक लावायचं. चुरचुरलं तर अजून आठ दिवस माळ्यावर. साबण चाटणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

साबण मात्र छान निघायचा. शेंगतेलाचा म्हणून जरा मऊ, पण कपडे स्वच्छ. नळाला येणाऱ्या आजवा तलावाच्या पाण्यात फेस बरा यायचा. बोअरचं पाणी वापरायची वेळ आली की बादलीत नुसती साय. तिथंच पुढे पावडरीनं बाजी मारली. जड पाण्याचं तिला काही वाटत नाही. करसनभाई पटेलांनी १९६९ मध्ये अहमदाबादेत सायकलवरून निरमा विकायला सुरुवात केली होती, ती काही वर्षांत आमच्या मोरीतही आली. आता परत घरगुती साबणाचे दिवस आलेत म्हणतात. परवा एका प्रदर्शनात हातानं केलेली वडी दीडशे रुपयांना होती, वर वाळकं फूल चिकटवलेलं. बायकोनं घेतली. मी त्या फुलासकट ती जपून वापरतोय, आणि झिजून पापुद्रा झाला की तो नव्या वडीला चिकटवणार. या सवयीवर आमच्या घरात बरंच बोलून झालेलं आहे.

तर वही. घरात वर्षाचा साबण माळ्यावर, आणि वहीत जानेवारी: साबण, २ रु. ५० पै. फेब्रुवारी: साबण, २ रु. ५० पै. मार्च, एप्रिल, तेच. अंगाचा साबण निराळा लिहिलाय, म्हणजे हा धुण्याचाच. कुठला? कुणी विकत घेतला?

आत्याला फोन लावला. आत्या विद्यापीठाच्या गृहविज्ञान शाखेत शिकलेली. तिथून ती घराचं बजेट शिकून आली आणि तिनं आजोबांना एंगेलचा नियम ऐकवला होता, की उत्पन्न कमी तितका खाण्यावरच्या खर्चाचा वाटा जास्त. आजोबा म्हणाले, “आपण गरीब आहोत हे कळायला कॉलेज लागतं होय?”

“आत्या, साबण घरी व्हायचा ना गं?”

“व्हायचा की.”

“मग वहीत दर महिन्याला कसा?”

पलीकडे जरा शांतता. मग हसली. “तुला कुणी सांगितलं वह्या उघडायला? अरे, ते पैसे आईचे. शेजारच्या बेनबरोबर सिनेमाच्या दुपारच्या खेळाला जायच्या दोघी. येताना पकोडी. आम्हाला आणायची नाही हं कधी!”

“आणि आजोबांना माहीत नव्हतं?”

“त्यांना काय माहीत असणार?”

मला नाही पटत. दुसऱ्यांच्या कागदांतल्या चुका काढण्यात ज्यांची अख्खी नोकरी गेली, त्यांना स्वतःच्या डोक्यावर माळ्यावर वाळणारा साबण दिसू नये? वासच केवढा! पुढची वही काढून पाहिली. १९७५ च्या जूनपासून साबण ३ रु. २५ पै. बाजारात साबण महागला असेल. पण आजीच्या साबणाला ना दुकान, ना भाव. ही वाढ तिनं सांगितली की त्यांनी आपणहून लिहिली, हे वहीवरून कळत नाही. अक्षर त्यांचं, शाई तीच.

आमच्या घरचा हिशेब आता फोन ठेवतो. मुलीनं ॲप टाकून दिलंय. चहाचे दहा रुपये दिले तरी ते नोंदवतं, रंगीत चकती काढून दाखवतं, आणि तिघांच्याही फोनवर दाखवतं. मला सोयीचं वाटायचं. मागच्या महिन्यात आमच्याकडे काम करणाऱ्या बेनचे पैसे खात्यात टाकतो म्हणालो, तर त्या लादी पुसता पुसता थांबल्या. “सगळे नका टाकू, काका. पाचशे हातात द्या. खात्यातलं घरी सगळ्यांना दिसतं.”

कशाला हवेत, असं माझ्या तोंडावर आलं होतं. बायकोनं माझ्याकडे पाहिलं आणि कपाटातून नोट काढून आणली.