टॉवेल ड्रॉइल्सडेनचा, माग सोलापूरचा

मँचेस्टरहून पूर्वेला ट्रामने थोडं गेलं की ड्रॉइल्सडेन लागतं. पाहुण्यांना न्यावं असं तिथं काही नाही. सोलापूरचं कुणी आलं तर मात्र मी मुद्दाम नेते. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात जो टर्किश टॉवेल दिवसरात्र निघतो, तो यंत्रावर विणायला सुरुवात झाली ती इथे.

हेन्री ख्रिस्ती नावाचा गृहस्थ 1850 च्या सुमारास तुर्कस्तानात हिंडून आला. येताना त्याने बुर्साकडचं, लूप, म्हणजे धाग्याचे बारीक फास, असलेलं हातविणीचं कापड आणलं. त्याच्या घराण्याची ड्रॉइल्सडेनला गिरणी होती. तिथल्या सॅम्युअल होल्टने ते यंत्रावर काढायची युक्ती शोधली आणि 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनात हे टॉवेल झळकले. व्हिक्टोरिया राणीला पसंत पडले, मग काय विचारता!

युक्ती म्हणजे एका मागावर दोन बीम, म्हणजे ताण्याचे उभे धागे गुंडाळलेले रूळ. एकाचा ताणा घट्ट, दुसऱ्याचा सैल. बाण्याचे तीन आडवे धागे पडले की फणी ते एकदम ठोकते. घट्ट ताणा जागचा हलत नाही, सैल ताणा मात्र दाबून वर येतो आणि त्याचे लूप होतात. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माग कितीही नवा असो, टॉवेल याच तत्त्वावर निघतो.

इकडे इंग्लंडात माग आता म्युझियममध्ये. स्टायलला क्वॉरी बँक म्हणून 1784 ची कापडगिरणी जपून ठेवलीय, तिथे माग चालवून दाखवतात. तो खडखडाट सुरू झाला की लोक कान झाकतात. मला तर पेंग यायला लागली. सोलापूरच्या साखर पेठेत मागांच्या आवाजात वाढलेल्या मुलीला यापेक्षा वेगळं काय होणार?

दुकानांचंही फार बरं चाललंय असं नाही. जॉन लुईसने 1864 मध्ये ऑक्सफर्ड स्ट्रीटवर कापडाचं लहानसं दुकान टाकलं, ते वाढून आज टिकून आहे. 1778 पासूनचा वारसा सांगणाऱ्या डेबनहॅम्सची सगळी दुकानं 2021 मध्ये बंद झाली. पण दुकानात काय विकायला ठेवलं यावरून अख्ख्या देशाची झोपायची पद्धत बदलते, हे मला इथेच कळलं. पूर्वी इंग्रजांच्या पलंगावर चादर, त्यावर लोकरी ब्लँकेटं, वर पिसांची रजई असा थर असायचा आणि रोज सकाळी तो सगळा नीट खोचावा लागायचा. टेरेन्स कॉनरनने 1964 मध्ये चेल्सीत हॅबिटॅट हे दुकान काढलं आणि तिथे डुव्हे (खोळीत घातलेलं एकच जाड, मऊ पांघरूण) ठेवली. एक झटका दिला की बिछाना तयार. पुढे ब्लँकेटं मागे पडत गेली. विटनी गावातली अर्ली घराण्याची, शतकांची परंपरा असलेली ब्लँकेटची गिरणी 2002 मध्ये बंद पडली.

हे वाचलं तेव्हा मला आपली चादर आठवली. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी आणि 1877 च्या जुन्या गिरणीपासून सुरू झालेल्या गिरण्यांनी सोलापूर कापडाचं गाव केलं. चादरीला नाव मिळालं ते जकार्ड या मागावरच्या नक्षीच्या यंत्रणेमुळे. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ मागावर फिरते. जिथे भोक असेल तिथला ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. म्हणून फुलं, मोर, एवढंच काय, कारखान्याचं नावसुद्धा कडेला विणता येतं. 2005-06 मध्ये चादर आणि टॉवेल दोघांनाही जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. पण तिकडे कितीतरी मागांवरची चादर उतरून टॉवेल चढला, आणि बाजारात पानिपतचा माल ‘सोलापुरी’ म्हणून सर्रास खपतो.

परवा आई सोलापूरच्या चाटी गल्लीत उभी राहून मला व्हिडिओ कॉलवर चादरी दाखवत होती. एक फारच स्वस्त होती. दुकानदार काका स्वतःच म्हणाले, “ती नका घेऊ वहिनी, पानिपतची हाय. पोरीला पाठवायलात न्हवं? मग ही घ्या, कडेला नाव बघा की विणलेलं.” जरा महाग पडली, शिवाय बॅगेचं वजन वाढणार. तरी आईने दोन घेतल्या. असा दुकानदार मला इथल्या कुठल्याही चकचकीत मजल्यावर भेटलेला नाही.

टॉवेलची गोष्ट मात्र मला खटकते. इथल्या टॉवेलवर दुकानाचं नाव ठळक, खाली बारीक अक्षरात ‘मेड इन इंडिया’. गाव कुठलं याचा पत्ता नाही. आमचे एक मामा टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतात, त्यांना विचारलं की सोलापूर एवढं लिहायला काय जातं? ते म्हणाले, “अगं, लेबल गिऱ्हाईक पाठवतं, आम्ही फक्त शिवतो.” व्यापार म्हणून बरोबरच आहे त्यांचं. पण जीआयचा कागद कपाटात ठेवून दुसऱ्याचं लेबल शिवत बसायचं असेल, तर तो कागद मिळवला कशाला, असं मी त्यांना म्हटलंच. त्यावर मामांनी विषय बदलला.