पहिली दोन वर्षं आम्ही पाणी विकलं

थंडी सुरू व्हायच्या आधीच्या महिन्यात आमच्या सरपणाच्या वखारीचा फोन खाली ठेवायला मिळत नाही. जवळपास प्रत्येकाचं पहिलं वाक्य एकच: "एका गाडीला काय पडतं?" दहा वर्षांपूर्वी आम्ही आकडा सांगून मोकळे व्हायचो. आता उलट आम्हीच विचारतो. शेगडी उघडी आहे की काचेच्या दाराची? लाकूड ठेवायला आडोसा आहे का? यंदाच जाळायचंय की पुढच्या वर्षी? काही लोक वैतागून फोन ठेवतात. त्यांचा राग समजतो. हे प्रश्न सुचायला आमचेच दोन हिवाळे आणि बराच पैसा गेला.

सुरुवात एका वादळाने झाली. झाडं आडवी झाली होती, ती हटवायला लोक पैसे देत होते आणि वर "लाकूडही घेऊन जा" म्हणत होते. धाकट्या दिराचा चेनसॉवर हात बसलेला, नवऱ्याकडे जुनी पिकअप आणि माझ्याकडे वही. कच्चा माल फुकट आणि तो उचलायची मजुरीही मिळणार, असा धंदा कोण सोडेल? ओंडके कापले, फोडले, गाडीत भरले, आठवड्याच्या आत विकले. सरपण म्हणजे सरपण, त्यात कसलं शास्त्र, असा आमचा समज. वही दर आठवड्याला फायदा दाखवत होती.

त्या हिवाळ्याच्या मध्यावर एका गिऱ्हाइकाचा फोन आला. वयस्कर गृहस्थ, आम्ही त्यांना काका म्हणायचो. ओरडले नाहीत, फक्त "एकदा येऊन बघा" म्हणाले. गेले. त्यांनी आमचं एक फाटं शेगडीत टाकलं आणि मला समोर बसवलं. थोड्या वेळात लाकडाच्या कापलेल्या टोकातून बुडबुडे यायला लागले. फेस आला, मग चर्र आवाज, वाफ. ज्वाळा कशीबशी, धूर भरपूर. अर्ध्या तासात दाराची काच आतून काळी झाली. मग त्यांनी स्वतःच्या जुन्या थप्पीतली दोन लाकडं उचलून एकमेकांवर आपटली. टण्ण. आमची दोन आपटली. थप्प.

"मी लाकूड मागितलं होतं," काका म्हणाले, "तुम्ही पाणी आणून टाकलंत."

घरी येऊन मी वही उघडली आणि पहिल्यांदा लाकडाचा नाही, पाण्याचा हिशोब मांडला. ताज्या कापलेल्या झाडात वजनाच्या निम्मं पाणी सहज असतं. म्हणजे आमच्या एक टन मालात ५०० किलो पाणी. तेच लाकूड २० टक्के ओलाव्यापर्यंत वाळलं की ६२५ किलो भरतं. उरलेलं ३७५ किलो पाणी आम्ही फोडत होतो, उचलत होतो, डिझेल जाळून लोकांच्या दारात पोचवत होतो. आणि गिऱ्हाईक ते पाणी उकळवायला त्याच लाकडातली आग खर्च करत होतं. एक किलो पाण्याची वाफ करून धुरांड्यातून बाहेर घालवायला साधारण ०.७ युनिट उष्णता जाते. युनिट म्हणजे विजेच्या बिलावरचं तेच, किलोवॅट-तास.

वाळलेल्या लाकडातून किलोला ४ युनिट मिळतात, ओल्यातून जेमतेम सव्वादोन. समजा ओल्या लाकडाचा टनाचा भाव १०० धरला, तर वाळलेलं १७५ पर्यंत पडलं तरी उबेच्या हिशोबात दोन्ही सारखीच. आम्ही मात्र "सगळ्यात स्वस्त भाव" म्हणून मिरवत होतो! यात धुरांड्यात साचणारी चिकट काजळी धरलेलीच नाही. ओल्या लाकडाचा थंड धूर वर जाता जाता धुरांड्याच्या भिंतीला डांबरासारखा बसतो आणि एखाद्या दिवशी तोच थर पेट घेतो. त्या वर्षी आमच्या कुठल्या गिऱ्हाइकाकडे असं झालं नाही, हे आमचं नशीब. कर्तबगारी नव्हे.

तर उपाय सोपा: वाळवून विकायचं. सोपा म्हणजे सांगायला सोपा. स्प्रूस, बर्च, ॲश यांसारख्या थंड प्रदेशातल्या झाडांचं लाकूड वेळेवर फोडून, वारा खेळेल असं रचलं तर एक चांगला उन्हाळा पुरतो. ॲशमध्ये तर मुळातच पाणी कमी. ओक मात्र दोन वर्षं घेतो, कधी त्याहून जास्त. म्हणजे आज मजुरी द्यायची, आज झाडाचे पैसे द्यायचे आणि गिऱ्हाइकाचा पैसा हातात येणार पुढच्याच्या पुढच्या हिवाळ्यात. दुसऱ्या हिवाळ्यात आमच्याकडे धड वाळलेला माल नव्हता आणि हप्ते होते. तेव्हा, खोटं कशाला बोलू, आम्ही तेव्हाही ओलंच विकलं. फक्त या वेळी सांगून विकलं: "हे पुढच्या वर्षाचं आहे, आत्ता जाळू नका." भाव बराच कमी लावला. निम्म्या लोकांनी ते त्याच आठवड्यात जाळलं, हे नंतर कळलं.

कर्जासाठी गेले तेव्हा समोरच्या साहेबांनी कागद चाळून विचारलं, "म्हणजे माल दोन वर्षं नुसता पडून राहणार?" मी म्हटलं, "पडून नाही, उभा. वाळतोय." ते हसले नाहीत. कर्ज तिसऱ्या ठिकाणी मिळालं, तेही शेडसाठी. लाकडात अडकलेल्या भांडवलासाठी नाही. लोक विचारतात, वाळलेलं लाकूड एवढं महाग का? उन्हा-वाऱ्याचे तर पैसे पडत नाहीत. खरंय, ऊन फुकट आहे. पण दोन वर्षं जागा अडते, पैसा अडतो आणि त्या पैशावर व्याज चढत राहतं. आमच्या भावातला मोठा हिस्सा तोच आहे.

दुसरा मोठा हिस्सा हातांचा. एकदा संध्याकाळी दिराने बोटांवर मोजून दाखवलं, "वहिनी, हे एक फाटं सात वेळा हातात येतं." ओंडक्याचे तुकडे करताना, फोडताना, पट्ट्यावर टाकताना, रचताना, उतरवताना, गाडीत भरताना, गिऱ्हाइकाच्या दारी रिकामं करताना. झाड स्वस्त आहे हो, महाग पडतो तो हा फेरा. हायड्रॉलिक फोडयंत्र घेतलं तेव्हा वाटलं होतं आता सुटलो. फोडायचा वेळ पाव झाला, बाकीच्या सहा खेपा तशाच राहिल्या. खरी बचत झाली ती फोडल्या फोडल्या थेट जाळीच्या पेटाऱ्यात लाकूड भरायला लागलो तेव्हा. आता तो पेटारा फोर्कलिफ्टने शेडमध्ये जातो आणि दोन वर्षांनी तसाच गाडीत चढतो. सात वेळाचं तीनवर आलं.

आणि ठरलेल्या मापाच्या त्या पेटाऱ्यानेच आमची सगळ्यात जुनी भांडणंही मिटवली. मापाची भांडणं. या धंद्यात "एक घनमीटर" म्हणजे तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. जंगलातून ओंडके घेताना माप भरीव लाकडाचं असतं, मधली हवा वजा करून. तेच लाकूड फोडून नीट रचलं की फटींसकट साधारण १.४ घनमीटर होतं. आणि गाडीत नुसतं ओतलं तर २ च्या वर. लाकूड तेवढंच, आकडा मात्र दुप्पट! आम्ही ओतलेल्या मापाने विकायचो आणि तसं बोलायचो नाही. मुद्दाम नव्हे, सगळेच तसं विकत होते म्हणून. एका बाईंनी आमचा माल घरी नीट रचला, टेपने मोजला आणि फोन केला, "तीनातला एक घनमीटर वाटेत सांडला का हो?" सांडला नव्हता. ओतलेलं रचलं की दोन तृतीयांशच भरतं. पण हे आधी न सांगणाऱ्याने नंतर सांगितलं तर ते चोरीच वाटतं. आम्ही त्यांना फरकाचं लाकूड नेऊन दिलं आणि दुसऱ्याच दिवशी पाटी रंगवली: माप रचलेलं.

लाकडाच्या मापावरून भांडणं फार जुनी असावीत. फ्रान्सने १७९५ साली दशमान पद्धतीचा कायदा केला तेव्हा त्यात जळाऊ लाकडासाठी 'स्टेअर' नावाचं वेगळं माप ठेवलं, एक घनमीटरचं. अमेरिकेत अजून 'कॉर्ड' चालतो: ४ फूट रुंद, ४ फूट उंच, ८ फूट लांब अशी रचलेली थप्पी, म्हणजे १२८ घनफूट. तिथेही 'फेस कॉर्ड' नावाचा एक प्रकार आहे. समोरून थप्पी तेवढीच दिसते, पण खोली एका लाकडाएवढीच. बहुतेक वेळा खऱ्या कॉर्डचा तिसरा हिस्सा. नाव वाचून घेणारा फसणार नाही तर काय.

लाकडाच्या जातीवरूनही लोक उगाच डोकं धरून बसतात. "ओकच पाहिजे," असं ठामपणे सांगणारे पुष्कळ. किलोमागे पाहिलं तर सगळी लाकडं जवळपास सारखीच उष्णता देतात, राळ असलेली मऊ लाकडं तर किंचित जास्तच. फरक घनतेचा आहे. बीच नावाच्या जड लाकडाच्या एका रचलेल्या, वाळलेल्या घनमीटरमधून २,००० युनिटच्या आसपास मिळतात, हलक्या स्प्रूसमधून १,४०० च्या आसपास. म्हणून स्प्रूसचा भाव बीचच्या ७० टक्क्यांहून कमी असेल तर स्प्रूस घ्या, शेगडीत जरा लवकर लवकर भर घाला. वाळलेला स्प्रूस ओल्या ओकपेक्षा कधीही बरा. हे मी फोनवर सांगते तेव्हा नवरा मान हलवतो, कारण आमच्याकडे ओकच जास्त पडून असतो. उभा असतो!

मग शेगडीचा प्रश्न. इथे आम्ही गिऱ्हाइकं गमावली आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. उघड्या फायरप्लेसमध्ये लाकडाच्या उष्णतेतली १०-२० टक्केच खोलीत राहते, बाकीची धुरांड्यातून वर. शिवाय खोलीतली गरम हवाही ती ओढून नेते. चांगली बंद शेगडी ७५ टक्क्यांपर्यंत देते. म्हणजे टनाच्या ४,००० युनिटमधून एकाला ६०० मिळतात, दुसऱ्याला ३,०००. पाचपट! मी भावात दहा टक्के सूट दिली काय आणि नाही दिली काय. ही अक्कल काही आजची नाही. स्वीडनमध्ये सरपणाची टंचाई झाली तेव्हा १७६७ साली क्रोनस्टेट आणि व्रेडे यांनी विटांची अशी शेगडी बांधली की धूर आतल्या वळणावळणाच्या मार्गाने फिरून आपली उष्णता भिंतींना देऊन मगच बाहेर पडेल. एकदा पेटवली की कित्येक तास ऊब. लाकूड स्वस्त करणं त्यांच्या हातात नव्हतं, म्हणून त्यांनी शेगडी बदलली.

म्हणून कोणी "लाकूड परवडेल का" विचारलं की मी गणितच घालून देते. आधी एका घनमीटरमधल्या युनिटला शेगडीच्या कार्यक्षमतेने गुणायचं, मग घनमीटरच्या भावाला, पोचवण्याच्या खर्चासकट, त्या आकड्याने भागायचं. येईल तो उबेच्या एका युनिटचा खरा भाव. तो गॅसच्या किंवा विजेच्या बिलाशेजारी ठेवा. हीट पंप, म्हणजे बाहेरची उष्णता घरात ओढणारं विजेचं यंत्र, असेल तर विजेचा भाव तीनाने भागून ठेवा, कारण तो एका युनिट विजेत साधारण तीन युनिट ऊब देतो. अशा घरात आमचं लाकूड बऱ्याचदा महागच पडतं आणि मी तसं सांगते. दीर म्हणतो, वहिनी, तुम्ही धंदा करताय की शिकवणी घेताय?

२०२२ साली युक्रेनच्या युद्धानंतर युरोपात गॅस भडकला आणि त्यामागोमाग जळाऊ लाकूडही कडाडलं. आमच्याही फोनला उसंत नव्हती. त्या वेळी दुप्पट भावाने ओलं लाकूड खपलं असतं, विचारणारे तर "काहीही द्या" म्हणत होते. रंगवलेल्या फळ्या, रसायन मुरवलेलं जुनं बांधकामाचं लाकूडही मागत होते. ते शेगडीत जाळायचं नसतं, विषारी धूर आणि विषारी राख होते. स्वस्त काय, फुकटही नको. आम्ही त्या वर्षी वाळलेला होता तेवढाच माल विकला आणि हिवाळा अर्धा असताना वखार रिकामी झाली. उरलेले तीन महिने मी वहीकडे बघणं टाळलं.

इंग्लंडमध्ये २०२१ पासून २ घनमीटरहून कमी लाकूड विकायचं तर ओलावा २० टक्के किंवा त्याखालीच लागतो. आम्ही स्वतःला तोच आकडा लावून घेतलाय आणि बिलावर लिहितो. मोजायची पद्धतही दाखवतो: वरून टोचून उपयोग नाही, साल तर सोडाच. लाकूड पुन्हा फोडायचं आणि आतल्या ताज्या बाजूवर मध्यभागी ओलावा मोजणाऱ्या मीटरच्या सुया दाबायच्या. यातही एक गोम आहे. सुतारकामाचे साधे मीटर बहुतेक करून पाण्याची तुलना कोरड्या लाकडाशी करतात, एकूण वजनाशी नाही. त्यामुळे आमच्या २० ला त्यावर २५ दिसतं. यावरून दर हंगामात दोन-तीन कडाक्याचे फोन येतातच.

मागच्या हंगामात असाच एक फोन आला. मीटर ३२ दाखवतंय म्हणाले. मी मीटरचं पुराण सुरू केलं, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते मला माहीत आहे. ते धरूनही जास्तच आहे." नवरा जाऊन आला. खरंच होतं. शेडच्या कोपऱ्यातला पत्रा सरकला होता, खालच्या चार पेटाऱ्यांवर पावसाळाभर पाणी गळलं होतं आणि भरताना आमच्यापैकी कोणी एकही फाटं फोडून बघितलं नव्हतं. पैसे परत केले, माल परत आणला. पत्रा दिराने त्याच दिवशी ठोकला. ते चार पेटारे आता फाटकाजवळच्या मोकळ्या बाजूला आहेत, जिथे वारा सगळ्यात जास्त लागतो. काल एक फोडून बघितलं. आमच्या मीटरवर अजून २४.