टेस्टरवर खापर फोडणं सोपं होतं

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात गिअरबॉक्सचे शाफ्ट बनतात. क्वालिटी माझ्याकडे आहे. त्या दुपारी चाकणच्या ग्राहकाचे फोनवर फोन येत होते, गेटवर टेम्पो उभा होता आणि लॉट अडकला होता, कारण शाफ्टचा हार्डनेस, म्हणजे पोलादाचा कठीणपणा, कमी येत होता. ड्रॉइंगप्रमाणे 56 ते 60 एचआरसी (कठीणपणा मोजायचं रॉकवेल माप) हवा, हार्डनेस मोजणारा टेस्टर 50 च्या आसपास दाखवत होता.

प्लँट हेडनी सगळ्यांना बोलावलं आणि खुर्चीत बसता बसताच म्हणाले, "टेस्टर गंडलाय. इतकी वर्षं तेच मशीन, तोच शाफ्ट. आजच काय झालं?"

तिथून पुढे सगळं घरंगळत गेलं. प्रॉडक्शनवाले म्हणाले, शाफ्टवर दाबला जाणारा टेस्टरचा डायमंड नीट बसला नसेल. मेंटेनन्सला आठवलं, टेस्टरचं कॅलिब्रेशन, म्हणजे अचूकतेची ठरलेली तपासणी, जवळ आलंय. डिस्पॅचने मान डोलावली. एका माणसाचा अंदाज बघता बघता सगळ्यांचं मत झाला, आणि चहा येईपर्यंत निर्णयसुद्धा: माल सोडायचा, टेस्टर उद्या दाखवायचा.

यात कोणी खोटं बोलत नव्हतं. एरवी एका मायक्रॉनसाठी हुज्जत घालणारी, कामात मुरलेली माणसं ही. पण साहेबांचा शब्द आधी आला, घड्याळ पुढे पळत होतं आणि 'नाही' म्हणणारा म्हणजे टेम्पो अडवणारा ठरणार होता. अशा वेळी डोकं पुरावा शोधत नाही, होकाराला आधार शोधतं. कॅलिब्रेशनची तारीख जवळ आली म्हणून टेस्टर चुकत नसतो, हे त्या खोलीत प्रत्येकाला ठाऊक होतं.

मी कागदाच्या चिठ्ठ्या वाटल्या. म्हटलं, "टेस्टर बरोबर आहे आणि शाफ्टच चुकलाय असं धरून चाला. मग कारण काय असेल? प्रत्येकाने एक तरी लिहा. नाव घालू नका." साहेब वैतागले, पण त्यांनीही लिहिलं.

एका चिठ्ठीवर बारीक अक्षरात होतं: "सकाळी स्टँडर्ड ब्लॉक लावून बघितला होता. रीडिंग बरोबर आलं." हा ब्लॉक म्हणजे आधीच मोजून ठेवलेल्या हार्डनेसचा तुकडा, टेस्टर बरोबर दाखवतोय का ते बघायला.

अक्षर आमच्या डिप्लोमा ट्रेनी मुलीचं होतं. चिठ्ठी मी नाव न घेता वाचली, तर तीच उठली आणि ब्लॉक घेऊन आली. सगळ्यांसमोर पुन्हा लावला. काटा जिथे यायला हवा तिथेच आला. टेस्टर ठणठणीत होता. टेम्पो रिकामा परत गेला.

नंतर मी तिला विचारलं, "अगं, आधी का नाही बोललीस?" ती म्हणाली, "सर, सगळे एवढं ठामपणे बोलत होते, मला वाटलं माझंच बघण्यात काहीतरी चुकलं असेल."

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. ती घाबरली नव्हती, तिचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला होता. 1950 च्या दशकात सॉलोमन अॅश या मानसशास्त्रज्ञाने हेच दाखवलं होतं. प्रश्न साधा होता, कोणती रेघ दिलेल्या रेघेएवढी लांब. आधीच्यांनी ठरवून चुकीचं उत्तर दिलं की सुमारे तीन चतुर्थांश लोक एकदा तरी त्यांच्या मागे गेले. पण गटातला एक जण जरी खरं बोलला, किंवा उत्तर गुपचूप लिहून द्यायचं असलं, तर हे प्रमाण झपाट्याने घसरायचं. चिठ्ठ्यांची कल्पना मी तिथूनच उचलली.

दुसरी गोष्ट, की त्यांचा शब्द आधी आल्यामुळेच बाकीचे त्याच दिशेने गेले, साहेबांनी स्वतः मान्य केली, आणि त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. 1961 मध्ये क्युबात अमेरिकेची बे ऑफ पिग्जची मोहीम फसल्यावर अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी पुढच्या वर्षीच्या क्युबातल्या क्षेपणास्त्र संकटात सल्लागारांच्या काही बैठकांना मुद्दाम गेले नाहीत, म्हणजे माणसं मोकळेपणाने बोलतील. हे मी त्यांना सांगितलं. आता अशा मीटिंगला ते बसतात, पण सगळ्यात शेवटी बोलतात.

शाफ्टचा दोष संध्याकाळी सापडला. इंडक्शन हार्डनिंगमध्ये शाफ्ट विजेने तापवून लगेच पाण्याने थंड करतात; ते पाणी फवारणाऱ्या क्वेंच रिंगची निम्मी भोकं गाळाने बुजली होती, पाणी पुरेसं पडतच नव्हतं. फवारा मंद झालाय हे मशीनवरच्या ऑपरेटरला आदल्या पाळीपासून दिसत होतं. त्याला मीटिंगला कोणी बोलावलंच नव्हतं. आता लॉट अडला की पहिली खुर्ची त्याची असते.