पांढरा साका

आज सकाळी डायलिसिसची पिशवी (लहान रेणू बाहेर जाऊ देणारी, प्रथिन आत ठेवणारी) बीकरमधून वर काढली, तर तळाशी पांढरा साका बसलेला. तीन दिवसांचं काम. प्रथिन ८ मोलर युरियात पूर्ण उलगडून ठेवलं होतं आणि रात्रीत युरिया निघून गेला की ते आपली घडी आपणच घालेल, अशी आशा होती. रेणूंनी स्वतःवर दुमडण्याऐवजी एकमेकांनाच मिठी मारली.

दिवसभर जीवरसायनशास्त्रज्ञ ॲन्फिन्सेन यांचं रायबोन्युक्लिएज डोक्यात होतं, म्हणजे आरएनए तोडणारं विकर (एन्झाइम). १२४ अमिनो आम्लांची साखळी, त्यात सिस्टीन हे गंधकयुक्त आम्ल आठ वेळा, आणि दोन-दोन सिस्टीन जोडणारे चार डायसल्फाइड बंध. आठांच्या जोड्या १०५ प्रकारे लागू शकतात, बरोबर त्यातली एकच. बंध तोडून उलगडलेल्या साखळीत युरियात असतानाच जोड्या पुन्हा लागू दिल्या, तेव्हा विकराचं काम जेमतेम एक टक्का परत आलं. मग युरिया काढला, चुकलेले बंध सुटून पुन्हा जुळावेत म्हणून मर्कॅप्टोइथेनॉलचा अंश तेवढा ठेवला, आणि काही तासांत विकर जवळजवळ पूर्ववत झालं. घडीची माहिती साखळीच्या क्रमातच असते, हे त्यातून कळलं. कितीदा वाचलंय हे! पण एक टक्का म्हणजे साधारण १०५ मधला एक, निव्वळ योगायोगाने जुळेल तेवढाच, हा हिशेब आज पहिल्यांदा वहीत मांडला आणि बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिले.

घडी घातलेलं प्रथिन उलगडलेल्यापेक्षा किती पक्कं असतं? बहुधा मोलमागे २० ते ६० किलोज्यूल. कार्बन-कार्बनचा एक साधा बंध तोडायला ३५० च्या आसपास लागतात. शेकडो आम्लांची अख्खी रचना एवढ्याशा फरकावर उभी असते, आणि मला वाटतं ते बरंच आहे. ताठ, न हलणाऱ्या रेणूकडून काम कसं होणार?

पण तोल इतका नाजूक की एक आम्ल गेलं तरी पुरतं. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक रोगाच्या बहुतेक रुग्णांत, पेशीतून क्लोराइड बाहेर सोडणाऱ्या सीएफटीआर या १४८० आम्लांच्या प्रथिनातलं ५०८ वं, फेनिलॲलनीन, गायब असतं. मला सर्वात जास्त लागतं ते पुढचं. हे प्रथिन अगदीच निकामी नसतं. घडी अडखळते, पेशीची तपासणी यंत्रणा त्याला अडवते आणि ते पेशीच्या पृष्ठभागावर पोचण्याआधीच त्याचे तुकडे होतात. १९९२ मध्ये अशा पेशी कमी तापमानात वाढवून पाहिल्या, तर काही प्रथिन पृष्ठभागावर पोचलं आणि क्लोराइड सोडू लागलं. आज एलेक्साकॅफ्टर आणि टेझाकॅफ्टर ही औषधं घडीलाच आधार देतात. रोगाचं मूळ घडीत आहे हे ओळखून त्या घडीलाच हात देणारं औषध तयार झालं, याचा मला मनापासून आनंद आहे.

अल्झायमरमधल्या अमायलॉइड गुठळ्यांचं तसं नाही. तिथे रेणू एकमेकांना धरून इतक्या घट्ट रांगा लावतात की त्या मोडणं पेशीला फार जड जातं.

माझा साका त्या मानाने भला. फेकला नाही, पुन्हा युरियात विरघळवला. तासाभरात द्रावण नितळ झालं. उद्या प्रथिन दहापट पातळ करणार, रेणू एकमेकांना चिकटू नयेत म्हणून थोडं आर्जिनीन घालणार, आणि युरिया ४, २, १ मोलर असा पायरीपायरीने उतरवणार. सगळं चार अंशांना.