स्पंजाची डबी

नोटा मोजण्यासाठी आज मी शेजारच्या काउंटरवरची स्पंजाची डबी मागितली, तेव्हा अण्णा हातातले काम थांबवून म्हणाले, "आता तुम्हालाबी पाणी लागतंय की ओ!" सगळे हसले. त्या हसण्यात खोच नव्हती, तरी वाक्य दिवसभर डोक्यात घोळत राहिले. माझ्या तळहातांचा घाम या मंडळींना पहिल्यापासून ठाऊक होता, असाच त्याचा अर्थ निघतो.

मग इतकी वर्षे मी लपवले ते काय? दोन्ही खिशांत रुमाल, सही करताना मनगटाखाली टिपकागद, शाई पसरू नये म्हणून नेहमी बॉलपेन, आणि कोणी हात पुढे करण्याआधीच लांबून केलेला नमस्कार. बेळगावात उकाड्याची सबबही चालत नाही. ऐन श्रावणात शहापूरची माणसे गारठून पैसे भरायला येत आणि त्यांची पावती माझ्या हातून दमट होऊन परत जाई. तळहाताचा घाम हवेपेक्षा मनाच्या ताणाने अधिक सुटतो, असे डॉक्टरांनी पुढे सांगितले. म्हणजे लपवण्याची धास्तीच त्याला खतपाणी घालीत होती.

ॲल्युमिनियम क्लोराईडच्या द्रावणाने कातडी नुसती चुरचुरली, म्हणून बोटॉक्सची इंजेक्शने घेतली. आधी आयोडीन लावून वर स्टार्च भुरभुरला, तेव्हा घामाच्या जागा काळ्यानिळ्या उमटल्या आणि माझे गुपित प्रथमच माझ्यासमोर नकाशासारखे पसरले. मनगटाशी भूल देऊनही काही टोचण्यांनी डोळ्यांत पाणी आले. हे औषध घामाच्या ग्रंथी मारीत नाही. मज्जातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलिन हे निरोप्या रसायन सुटू देत नाही, त्यामुळे घाम सोडण्याचा निरोप ग्रंथीपर्यंत पोहोचत नाही, आणि काही महिन्यांनी तो पुन्हा पोहोचू लागतो. अमेरिकेत २००४ साली त्याला मान्यता मिळाली ती काखेतल्या घामासाठी. तळहाताला ते डॉक्टरांच्या निर्णयावर देतात, आणि त्यात चिमटीचा जोर काही काळ कमी होऊ शकतो. माझा झाला आहे. खर्चाचे आज लिहीत नाही.

अण्णा माझ्याकडे द्यायचे कागद नेहमी टेबलावर ठेवीत, हातात कधी देत नसत. त्यांना माझी किळस येते असे मला वाटे, आणि त्या एका गोष्टीवरून मी मनातल्या मनात त्यांच्याशी कितीदा तरी भांडलो आहे. आज वाटते, मला ओशाळे होऊ नये म्हणूनच ते तसे करीत असतील. की किळसच होती? विचारले तर अण्णा चहा मागवतील, उत्तर देणार नाहीत. आणि सगळ्या शाखेने इतकी वर्षे माझ्यासमोर गंभीर चेहऱ्याने वावरायचे, हेही काही कमी कष्टाचे काम नसावे.

रात्री जेवताना शुभाने विचारले, सगळ्यांना माहीतच आहे तर असर उतरल्यावर पुन्हा घेणार का? घेणार, म्हणालो. टिपकागदाचा मला खरोखरच कंटाळा आला आहे.