गेमिंग संगणकाला रॅम किती हवी?

गेमसाठी संगणक जुळवायला निघालेली मुले आणि त्यांचे पालक मला हमखास एकच प्रश्न विचारतात: रॅम, म्हणजे चालू कामाचा डेटा तात्पुरता ठेवणारी मेमरी, 16 जीबी घ्यावी की 32? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. नव्या संगणकात 16 जीबीपेक्षा कमी रॅम घेऊ नये, आणि 32 घ्यायची ती गरज मोजून घ्यावी, असे माझे मत आहे. घरच्यांनी काटकसरीने साठवलेले पैसे न लागणाऱ्या रॅममध्ये गेले आणि ग्राफिक्स कार्ड मात्र हलके घ्यावे लागले, असे झाले की मला फार वाईट वाटते.

रॅम पुरेशी असेल तर ती आणखी वाढवून गेमचा वेग वाढत नाही. ती अपुरी पडली की मात्र विंडोज काही डेटा एसएसडीवरच्या, म्हणजे कायमच्या साठवणीच्या ड्राइव्हवरच्या, पेज फाइल या राखीव फाइलमध्ये हलवते, आणि एसएसडी कितीही चांगली असली तरी रॅमच्या मानाने तिचा प्रतिसाद शेकडो पटींनी उशिरा येतो. म्हणूनच सरासरी फ्रेमरेट (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) ठीक दिसत असतानाही नकाशाच्या नव्या भागात शिरताना चित्र क्षणभर अडकते. अर्थात ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी, म्हणजे व्हीरॅम, भरल्यानेही असेच होते, आणि तिथे रॅम वाढवून फारसा उपयोग होत नाही.

त्यामुळे आधीचा संगणक हाताशी असेल तर अंदाज बांधत बसू नये. नेहमीचा गेम, डिस्कॉर्ड आणि ब्राउझर असे सगळे चालू ठेवून अर्धा तास खेळावे, मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजरमधील मेमरीचे पान पाहावे. ‘कॅश्ड’चा आकडा मोठा दिसला म्हणून घाबरू नये, ती जागा गेमने मागताच विंडोज मोकळी करून देते. ‘अव्हेलेबल’ एखाद्या जीबीवर आली असेल आणि ‘कमिटेड’चा (चालू प्रोग्रॅमांना मिळून कबूल केलेल्या मेमरीचा) पहिला आकडा बसवलेल्या रॅमच्या बराच पुढे गेला असेल, तर मात्र रॅम खरोखरच कमी पडते आहे.

गेमनुसार ही गरज फार बदलते. काउंटर-स्ट्राइक 2 साठी 8 जीबी सांगितलेली आहे, हॉगवर्ट्स लेगसीची किमान अटच 16 ची आहे, तर मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर 2024 साठी 32 जीबीची शिफारस आहे. भरपूर मॉड्स (गेममध्ये बदल करणाऱ्या जोड-फाइली) घालून खेळणाऱ्यांनी किंवा खेळता खेळता स्ट्रीमिंग करणाऱ्यांनी 32 घ्यावी.

वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल, तर रॅमचा विचार अधिकच काळजीने करावा, कारण प्रोसेसरमधले ग्राफिक्स तीच रॅम वापरते. शेजारच्या एका विद्यार्थ्याच्या रायझन 5 5600जी हा प्रोसेसर असलेल्या संगणकात 8 जीबीची एकच स्टिक (रॅमची पट्टी) होती. तशीच दुसरी बसवल्यावर जागा तर वाढलीच, शिवाय ड्युअल चॅनलमुळे प्रोसेसरला दोन्ही स्टिक एकाच वेळी वाचता येऊ लागल्या, आणि त्याच सेटिंगवर गेम स्पष्टपणे सुरळीत चालू लागला. म्हणून 16 जीबी हवी असेल तर 8 च्या दोन स्टिक घ्याव्यात.

‘आता दोन घेऊ, पुढे आणखी दोन लावू’ हा बेत डीडीआर5 या नव्या पिढीच्या रॅममध्ये तितकासा सोपा नाही. रायझन 7000 मालिकेच्या प्रोसेसरांसाठी एएमडी या त्यांच्या कंपनीने दोन स्टिकना 5200 आणि चारांना जेमतेम 3600 एमटी/सेकंद (सेकंदाला इतके दशलक्ष ट्रान्सफर) एवढाच वेग अधिकृतपणे दिलेला आहे. 2025 च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढली आणि रॅमचे भाव कडाडले, त्यामुळे नंतर बदलण्याचा खर्चही आधीच हिशेबात धरलेला बरा.

रॅम आणल्यावर मदरबोर्डाच्या पुस्तिकेत पाहूनच ती बसवावी. चार स्लॉट असतील तर दोन स्टिक बहुधा प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लागतात. मग बायॉसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये, एक्सएमपी किंवा एक्स्पो हे रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारे सेटिंग सुरू करावे, नाहीतर 6000 ची म्हणून आणलेली डीडीआर5 सहसा 4800 वरच चालत राहते. खरा वेग त्याच टास्क मॅनेजरमध्ये ‘स्पीड’पुढे दिसतो.